आखूड होत गेलेली

ती घरी आली तेव्हा दहा फुटांची होती. उभी आत येईना, आडवी वळेना, म्हणून अंगणातच पत्र्याच्या वळचणीला टेकून राहिली आणि पुढची काही वर्षं घराबाहेरच नांदली. बुडाला मनगटाएवढी, शेंड्याला अंगठ्याएवढी, रंगानं पिवळट हिरवी. जात मानवेलीची, म्हणजे जवळजवळ भरीव वेळू. आष्टीच्या माळावर वेळूची बेटं हुडकूनही सापडायची नाहीत. बालाघाटाच्या कडेचा हा मुलूख बाभळीचा, बोरीचा, लिंबाचा. वेळू इथं पाहुणा, आणि तो येतो नगरच्या बाजूनं. आष्टी जिल्ह्यानं बीडची असली तरी बाजारहाटानं, दवाखान्यानं आणि सोयरिकीनं अर्धी नगरची आहे.

घरात तिला सगळे आकडी म्हणत. शेंड्याला जुना विळा तारेनं आवळून बांधलेला होता. उन्हाळ्यात माळ करपला की बाभळीच्या उंच फांद्या ओढून शेळ्या-मेंढ्यांपुढं टाकायच्या आणि शेंगा पाडायच्या, हे तिचं काम.

तिचा स्वभाव पहिल्या दिवशीच उघड झाला. ती हुकूम लगेच पाळायची नाही. इकडं मूठ ओढली की तिकडं शेंड्याला ते पोचायला वेळ लागायचा. मधल्या वेळात ती नुसती वाकायची. नवख्या हाताला वाटायचं, हिच्यात दमच नाही. तो चिडून हिसडे मारायचा, विळा फांदीवरून सटकायचा, काठी थरथरत राहायची आणि शेळ्या माना वर करून बघत उभ्या. आबांची, म्हणजे आमच्या आजोबांची, रीत वेगळी होती. ते विळा फांदीत अडकवायचे, सावकाश ओढत काठीला कमान घेऊ द्यायचे, जरा थांबायचे आणि मग हिसडा द्यायचे. ‘आधी तिच्यात वाक भरू दी,’ म्हणायचे, ‘मग ती सोताच वढती.’ फांदी खाली यायची ती निम्मी आबांच्या जोरानं आणि निम्मी काठीनं वाकताना साठवून ठेवलेल्या जोरानं.

हीच युक्ती बर्फावरच्या हॉकीत चालते. कॅनडातला खेळाडू जोराचा फटका मारताना स्टिक थेट चकतीवर आणत नाही. चकतीच्या किंचित अलीकडं ती बर्फावर दाबतो. दांडा वाकतो आणि सरळ होता होता चकतीला भिरकावून देतो. तिथं दांड्याच्या वाकण्याला मोल आहे, आणि ते आकड्यात छापलेलं असतं. ८५ आकड्याचा दांडा म्हणजे मधोमध एक इंच लववायला सुमारे ८५ पौंडांचा, आपल्या हिशेबात साडेअडतीस किलोंचा, जोर मागणारा. आपल्या मैदानी हॉकीतली स्टिक कमान घेईल अशी कोणाची अपेक्षाच नसते. त्यामुळं आकडीची भावकी आपल्या हॉकीच्या मैदानावर शोधायची नाही, ती थेट बर्फावर शोधायची.

वेळूच्या जातीचं एक वेगळेपण आहे. कोंब जमिनीतून वर येतो तो आयुष्यभराची जाडी घेऊनच. एका पावसाळ्यात तो आपली पुरती उंची गाठतो आणि थांबतो. पुढची तीन-चार वर्षं आतल्या आत पिकत राहतो, पण आंब्या-लिंबागत दरसाल जाड होत नाही. सरकारदरबारी तो बराच काळ झाड होता. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून बाहेर पडला. शास्त्र त्याला पहिल्यापासून गवतच म्हणत आलं आहे. गवत म्हणा की झाड, बेटातून तोडल्यावर त्याच्या अंगात बदलण्याजोगं एकच माप उरतं, लांबी. तीही एकाच दिशेनं बदलते.

आबांनी तिचे लाड पुष्कळ केले. चुलीच्या धगीवर शेकून, दोन दगडांच्या बेचक्यात दाबून तिचा एक बाक काढला. महिनोन्‌महिने तेल पाजलं. बुडाला लोखंडी कडं ठोकलं. पेरांवरचे उंचवटे तेवढे हलक्या हातानं घासले, पण साल तासू दिली नाही. वेळूचे सगळ्यात दाट आणि चिवट धागे बाहेरच्या सालीलगत असतात. दिसायला गुळगुळीत व्हावी म्हणून साल तासली, तर काठीचा जीवच तासला जातो. एकदा एका पाहुण्यानं चाकू काढून तिच्यावर आपलं नाव कोरायला घेतलं, तेव्हा आबांनी चहा अर्धा टाकून तिला उचललं आणि वळचणीला नेऊन ठेवलं. पाहुण्याला चहा मात्र दुसरा मिळाला.

वर्षातून एक दिवस तिला मान असे. पाडव्याला विळा सोडून तिला धुऊन पुसून घेत, शेंड्याला साडी, लिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर पालथा तांब्या, आणि ती गुढी होई. मात्र ती ताठ उभी राहत नसे. तांब्याच्या भारानं शेंडा रस्त्याच्या अंगाला लवायचा, वारा आला की घुटमळायचा. शेजारची गुढी आखूड होती, म्हणून सरळ होती. बाईला, म्हणजे आमच्या आजीला, ते खटकायचं. आबा म्हणायचे, ‘लवंना का. पडती का?’ पडत नसे. कोल्हापूरकडं जोतिबाच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात. त्या तर कित्येक पटींनी उंच. चारी बाजूंनी दोर धरून माणसं त्यांना सावरत असतात आणि शेंडा वर आभाळात आपल्या मनानं डुलत असतो. लांबी म्हटली की डुलणं आलंच.

पहिला छेद विळ्यामुळं झाला. फांदीच्या बेचक्यात विळा अडकला, सोडवताना शेंडा पिळवटला आणि चिरला. वेळू आडवा सहसा तुटत नाही, उभा चिरतो, आणि चीर पेरापर्यंत धावते. आबांनी चिरेच्या खालचं शाबूत पेर निवडलं आणि गाठीला लागून करवतीनं कापलं. कोयत्यानं नाही, कारण घावानं नवी चीर पडते. गाठीपाशी कापलं की टोक आपोआप बंद राहतं, फुटत नाही. शेंड्याकडचे तीन फूट अंगणात पडले. ते मिरच्यांच्या वाफ्याला लागले.

सात फुटांची झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, काठी तीच, तीन फूट कमी. तसं नव्हतं. काठीचं एक टोक घट्ट धरून दुसऱ्या टोकावर जोर दिला, तर ती किती लवेल हे लांबीच्या घनावर ठरतं. १०चा घन १०००, ७चा घन ३४३. म्हणजे त्याच जोराला ती आता पूर्वीच्या जेमतेम एक-तृतीयांश लवणार. हाही हिशेब जाडी सगळीकडं सारखी धरून केलेला. प्रत्यक्षात गेलेले तीन फूट शेंड्याकडचे होते, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात लहरी. जाडीचा हिशेब तर लांबीहून कडक आहे. भरीव गोल दांडा दुप्पट जाड असला तर सोळापट ताठ असतो. तेव्हा शेंडा गमावलेली काठी दोन्हींकडून ताठ झाली. जे लवायचं ते गेलं, आणि जे उरलं ते मुळातच कमी लवणारं.

कॅनडातल्या घरांत हीच गोष्ट दरसाल घडते. मोठ्यांच्या मापाचा दांडा पोराच्या हनुवटीला लागेल एवढा कापतात. ६० इंचांतले ४ इंच गेले, तरी घनाच्या हिशेबानं ताठरपणा साधारण सव्वापट होतो आणि छापलेला ८५चा आकडा खोटा पडतो. पोर जीव खाऊन फटका मारतं, दांडा कमान घेत नाही, चकती जागेवरून जेमतेम सरकते, आणि दोष पोराच्या मनगटाला लागतो. म्हणून काही कंपन्या दांड्याच्या वरच्या टोकाशी खुणा छापतात, इथं कापलं तर आकडा एवढा, तिथं कापलं तर तेवढा. आकडीवर अशा खुणा नव्हत्या. घरात त्याची नोंद पाडव्याला झाली. त्या वर्षी गुढी सरळ उभी राहिली. बाईचं समाधान झालं. आबा काही बोलले नाहीत.

सात फुटांवर तिचे खरे कर्तेपणाचे दिवस आले. विळा सुटला, नाव बदललं आणि ती नुसती काठी झाली. मेंढरांमागं जाणं, ओढ्याचं पाणी किती हे बघणं, सापाला बाजूला सारणं, दुपारी दोन बाभळींच्या मधे आडवी टाकून तिच्यावर घोंगडीची सावली करणं. खांद्यावर आडवी घेऊन पुढं पाण्याची घागर आणि मागं भाकरीचं गाठोडं अडकवलं, की ती अजूनही पावलागणिक जराशी खाली-वर व्हायची. कावड वाहणारे हा गुण ओळखून असतात. मढी आणि मायंबाच्या यात्रांना पैठणहून गोदावरीचं पाणी कावडीनं येतं. मढीला कानिफनाथ, पाथर्डी तालुक्यात, आणि मायंबाला मच्छिंद्रनाथ, आमच्याच तालुक्यातल्या सावरगावच्या गडावर. एवढं अंतर चालताना खांद्याला हिसका बसू नये, ही जबाबदारी कावडीच्या लवण्यावर असते. न लवणारा दांडा ओझं पावलागणिक खांद्यावर आपटतो.

दुसरा छेद परमुलखात झाला. दसरा झाला की या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. एका वर्षी आमच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, आणि काकूंनी संसारासोबत तिलाही गाडीत टाकलं. कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहिली आणि ती कोपीचा आडवा-उभा टेकू झाली. बूड जमिनीत पुरलं गेलं. थंडी गेली, गाळप सरत आलं, आणि कोपी मोडताना तिला उपसली तर ओल लागून बुडाकडचा भाग काळा, पोकळ, भुंग्यानं खाल्लेला. लोखंडी कडं हातात निघून आलं. तात्यांनी तिथंच बुडाकडून दोन फूट कमी केले.

आता ती पाच फुटांची होती. दहाची पाच, लांबी निम्मी. नुसत्या घनाच्या हिशेबानं आठपट ताठ. पण या वेळी कापलं होतं बुडाकडून, जाड अंग गेलं होतं, म्हणून वाढ तेवढी कडक झाली नाही. मधल्या पेरांत अजून थोडी जान होती. काठी कुठून कापली याला किती कापली याइतकंच महत्त्व आहे. शेंडा कापला तर ती हट्टी होते. बूड कापलं तर आखूड होते, पण थोडं ऐकते. हॉकीचा दांडा वरूनच कापावा लागतो, कारण खाली पातं असतं. काठीला दोन्ही टोकं मोकळी असल्यामुळं तिच्याबाबतीत निवड करता येते. फक्त ती निवड बहुधा माणूस करत नाही, ओल करते, भुंगा करतो, चीर करते.

तिसरा छेद मात्र माणसानं समजून-उमजून केला. बाईचा गुडघा धरला. दुकानातली ॲल्युमिनियमची काठी तिनं दोन दिवस वापरली आणि ‘हिचा आवाज येतो’ म्हणून कोपऱ्यात ठेवली. मग तात्यांनी तिला अंगणात उभं केलं, हात सैल सोडायला लावले, मनगटाशी खूण केली आणि जुनी काठी तिथं कापली. तीन फूट. खाली रबराची बुटी, वर मुठीला सुतळीचा वेढा.

इथं ताठपणा कामाला आला. टेकायच्या काठीवर जोर आडवा येत नाही, उभा येतो. लांब सडपातळ काठीवर वरून भार दिला तर ती मधेच बाहेर फुगते आणि माणसाला खाली आणते. किती भाराला फुगेल हे लांबीच्या वर्गावर ठरतं, लांबी निम्मी केली तर चौपट भार पेलते. दहा फुटांवर जो गुण नडला असता, तो तीन फुटांवर आधार झाला. बाई तिच्यावर पुरता भार टाकून उठायची, देवळाच्या पायऱ्या चढायची, तिनं कोंबड्या हाकायची आणि बोलताना समोरच्याच्या दिशेनं तिचं टोक रोखायची. काठीच्या स्वभावातली घाई-संथपणाची तक्रारच मिटली. मूठ हलली की टोक हललं. घरात जिला कोणी ‘लवती’ म्हणून हिणवलं होतं, तिला आता ‘पोलाद हाये’ म्हणू लागले.

तिनं प्रवासही याच वयात केला. दहा फुटांची असताना तिला एसटीच्या टपावर टाकावी लागली होती. २३ सप्टेंबर २०२२ला न्यू आष्टीहून नगरला रेल्वे सुरू झाली, आणि ज्या तालुक्यानं तोवर आपल्या हद्दीत प्रवासी गाडी पाहिली नव्हती, त्यातली बाई डोळे दाखवायला गाडीनं नगरला गेली. काठी तिच्या मांडीवर आडवी. जिथून दहा फुटी आली होती, त्या गावात ती तीन फुटी होऊन फिरून आली. नगरचंही नाव पुढं अहिल्यानगर झालं. काठीचं तर केव्हाच बदललं होतं.

पोलादाचा हा लौकिकच तिला नडला. गोठ्यातल्या दावणीचा एक दगड सरकला होता. पहार शेतात राहिली होती. चुलतभावानं काठी उचलली, दगडाखाली घातली आणि अंग टाकलं. ही कधी वाकत नाही, म्हणजे मोडणारही नाही, असा सरळ हिशेब. ती वाकली नाहीच. कट्‌ असा आवाज झाला आणि दोन तुकडे.

वाकणं आणि मोडणं यांचे हिशेब वेगळे आहेत, आणि या काठीचं सारं चरित्र त्या फरकात आहे. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा विचार केला आणि मोडण्याचा संबंध लांबीशी लावला. वाकण्याचं गणित पुढं अठराव्या शतकात बर्नुली आणि ऑयलर यांच्या हातून पक्कं झालं. दोन्ही हिशेब शेजारी मांडून बघावेत. सारख्या जाडीची काठी निम्मी केली, तर तेवढीच लववायला आठपट जोर लागतो, पण मोडायला फक्त दुप्पट. ताठपणा आठपट वाढला, ताकद दुपटीवर थांबली. म्हणून मोडायच्या घटकेला निम्मी काठी लांब काठीच्या चौथाईच लवलेली असते, आणि मोडण्याआधी ती जेवढा मार पोटात घेते तोही निम्माच. दहाची तीन केली, तर मोडताना ती आधीच्या अकराव्या हिश्श्याएवढीच लवते. त्यात वर्षानुवर्षं वाळलेली, भुंग्यानं चाखलेली.

दहा फुटांची आकडी बाभळीत अडकली की कमान घ्यायची, करकरायची, धरणाऱ्याला पुरेसा अवसर द्यायची. आबा त्या करकरण्यावरच हात ढिला करायचे. तीन फुटांची काठी काही सांगत नाही. तिचं न सांगणं आम्ही तिची ताकद समजत होतो. ताठ काठी मोडत नाही असं नाही, ती मोडायच्या आधी कळू देत नाही. लवणाऱ्याला लेचापेचा म्हणण्याची आपल्याकडं सवय आहे, माणसाच्या बाबतीतही. पण कोणावर किती भार आलाय हे बघणाऱ्याला कळावं, ही लवण्याची मोठी चाकरी आहे. ज्याच्यावर पडलेला भार दिसत नाही, त्याच्यावर आणखी टाकायला कोणी कचरत नाही.

मोडीतला एक तुकडा दाव्याची खुंटी झाला. आपटून ठोकला तरी तक्रार नाही, कारण आता वाकायला त्याच्यापाशी लांबीच नव्हती. दुसरा बाईनं चुलीला दिला. ‘रडायचं काय त्यात,’ म्हणाली, ‘लई केलं तिनं.’ आणि दुसऱ्या दिवसापासून ॲल्युमिनियमच्या काठीचा आवाज तिला चालू लागला.

पाडव्याच्या आधी नवी आणायची ठरली. तात्यांबरोबर मीही नगरला गेलो. वेळू विकणाऱ्यानं करवत हातात घेऊनच विचारलं, ‘काय कामाला पायजे? मापात कापून देतो.’

काम ठरलेलं होतं. मेंढरांमागं न्यायला सहा फुटी. तात्यांनी ढिगातला सगळ्यात लांब वेळू उपसला, बूड पायाशी दाबून शेंडा ओढून बघितला, सोडला. शेंडा दोनचार वेळा डुलून थांबला. त्यांनी मान हलवली.

‘सहाचा करू ना?’ विकणाऱ्यानं करवत टेकवली.

‘कापू नगा.’

‘टेंपोत मावायचा नाय.’

‘नाय मावला तर मागं लोंबंल, फडकं बांधू,’ तात्या म्हणाले आणि खिशातून पैसे काढले. ‘दहाची सहा काय, कवाबी व्हती. सहाची दहा व्हत नसती.’